मुक्या शिळेवरचे मीठ

पूर्वी सुवेल नगरात जयबल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुदंत. तरुणपणी त्याला वाटे की आपण समुद्र पाहावा, राजांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात. पुढे तो मिठाच्या बैलांमागे चालता चालता म्हातारा झाला. बोधिसत्त्व असला म्हणून गुडघे दुखायचे काही राहत नाहीत.

सुवेलच्या उत्तरेला डोंगरांपलीकडे अचलकोट नावाचे राज्य होते. तिथला राजा वज्रबाहू याने राज्याची सगळी दारे लावून घेतली होती. आतल्याने बाहेर जायचे नाही, बाहेरच्याने आत यायचे नाही. बाहेर माणसे खाणारे लोक राहतात, असे तिथे लेकरांना पाळण्यातच सांगत. रोज सकाळी प्रजेने राजवाड्याकडे तोंड करून राजाचे आभार मानायचे आणि ते कशाबद्दल हे विचारायचे नाही, असा नियम होता. एवढे सगळे होते, पण त्या डोंगरात मीठ नव्हते. मीठ त्या माणसे खाणाऱ्यांकडूनच घ्यावे लागे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशातली गत.

त्यासाठी खिंडीत एक लांबरुंद शिळा होती. तिला लोक मुकी शिळा म्हणत. सुवेलच्या व्यापाऱ्याने तिथे मिठाच्या गोण्या ठेवायच्या, वळणाआड जायचे आणि ओल्या गवताचा धूर करायचा. धूर पाहून अचलकोटचे लोक खाली येत, गोण्यांशेजारी तांबे ठेवत आणि परत वर जात. मग व्यापाऱ्याने येऊन पाहायचे. तांबे पुरेसे वाटले तर ते उचलायचे आणि मीठ सोडून निघायचे. कमी वाटले तर त्याला हात न लावता पुन्हा वळणाआड जायचे, म्हणजे समोरचा आणखी तांबे घाली. कधी अचलकोटचे लोकच आधी तांबे ठेवून मिठाची वाट पाहत. तेव्हाही रीत हीच. ठेवलेले उचलले नाही की त्याचा अर्थ 'आणखी घाला'. त्या शिळेला दुसरी भाषा येत नव्हती. तिथे कोणी कोणाशी बोलायचे नाही, कोणाचे तोंड पाहायचे नाही. बोलणाऱ्याचे अचलकोटात डोके जाई. सुवेलात, उगाच कटकट नको म्हणून, रीत किंवा राजाज्ञा मोडणाऱ्याचा व्यापार जाई.

पलीकडून तांबे ठेवायला येणारा माणूस कोण, हे बोधिसत्त्वाला ठाऊक नव्हते. तो लंगडा आहे एवढे मात्र कळे, कारण मातीत त्याचे एक पाऊल खोल उमटलेले असे आणि दुसरे घासत गेलेले. एका वर्षी त्याने तांब्यावर पानात गुंडाळून मूठभर अक्रोड ठेवले. ते किमतीत धरलेले नव्हते. पुढच्या खेपेला बोधिसत्त्वाने मिठावर गुळाचा खडा ठेवला. तेव्हापासून अक्रोड आणि गूळ चुकले नाहीत. दोघांचेही केस त्या शिळेपाशी पांढरे झाले. एकमेकांचे नाव दोघांनाही माहीत नव्हते, पण थंडी वाढली की बोधिसत्त्वाला लंगड्याच्या पायाची काळजी वाटे.

एका पावसाळ्यात सुवेलचे काही धनगर वाट चुकून डोंगरापलीकडे उतरले आणि वज्रबाहूच्या शिपायांनी त्यांना पकडून नेले. ते परत आले नाहीत. त्यांच्या बायका राजद्वारी बसून राहिल्या. जयबल राजा वाईट नव्हता. त्याने शेजारच्या कंकवतीच्या राजाशी बोलणे केले, कारण अचलकोटला मीठ विकणारे तेवढे दोघेच. धनगर सुटेपर्यंत दोघांनीही अचलकोटला मीठ द्यायचे नाही, तांब्याला हात लावायचा नाही, असे ठरले.

"नाक दाबले की तोंड उघडते, महाराज," अमात्य रुचक म्हणाला.

बोधिसत्त्वाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "नाक कोणाचे दाबतो आहोत ते एकदा पाहावे, महाराज. वज्रबाहूच्या ताटातले मीठ सगळ्यांत शेवटी संपेल."

राजाने त्याचे म्हणणे आदराने ऐकले आणि मीठ बंद केले. आदराने ऐकण्याला काही खर्च येत नाही. शिळेवर नजर ठेवून काय दिसते ते येऊन सांगायचे काम बोधिसत्त्वाकडेच आले.

पहिल्या खेपेला शिळेवर नेहमीएवढे तांबे होते. वर अक्रोड होते. बोधिसत्त्वाने आज्ञेप्रमाणे कशालाच हात लावला नाही. अक्रोड तसेच सोडून येताना त्याला फार वाईट वाटले. दुसऱ्या खेपेला ढीग वाढला होता. तिसऱ्या खेपेला तो कमरेएवढा झाला. दरबारात ही बातमी पोचली की आनंद होई. वज्रबाहू वाकतो आहे, आता फार दिवस नाहीत, असे रुचक सांगे. धनगरांच्या बायकांनाही तेच सांगत. त्या मान हलवीत आणि पुन्हा दाराशी येऊन बसत.

पुढच्या खेपेला बोधिसत्त्व शिळेपाशी आला आणि खाली बसला. ढिगावर आता तांब्याच्या लगडी नव्हत्या. पळ्या होत्या, चरव्या होत्या, बूड काळे झालेली तपेली होती, दिवे होते. एका चरवीत लेकरांच्या पायांतले वाळे भरून ठेवले होते. एक तपेले घासायलाही कोणाला वेळ मिळाला नव्हता, त्याच्या तळाला पेजेची खरवड तशीच होती. बोधिसत्त्वाने ती नखाने खरवडून जिभेवर ठेवली. ती अगदी अळणी होती. अक्रोड कुठे दिसले नाहीत. मातीत लंगड्याचे पाऊल होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शिपायांची पावले होती.

तेव्हा काय चालले आहे ते त्याला कळले. इतक्या दिवसांत ते आपल्याला सुचले नाही याची त्याला लाजही वाटली. सुवेल म्हणत होते, धनगर सोडा. पण हे कोणी कोणाला सांगितलेच नव्हते, कारण शिळेपाशी बोलायचे नाही. पलीकडे ऐकू जात होते ते एवढेच: आणखी घाला. आणि वज्रबाहू घालत होता. खाणीतले तांबे संपले, तसे त्याने चुलीवरचे काढले. त्याचे स्वतःचे काय जात होते?

बोधिसत्त्वाने हे दरबारात नीट समजावून सांगितले. मग रुचक म्हणाला की असे असेल तर उत्तमच, त्यांना घालू द्यावे. ढीग पुरता वाढला की सगळे उचलावे आणि मग दयाळूपणे थोडे मीठ सोडावे. धनगरांचे पुढे पाहता येईल. सुदंत श्रेष्ठी इतकी वर्षे खपले आहेत, त्यांना त्यातला चौथा हिस्सा द्यावा, असेही त्याने सुचवले.

"त्या ढिगात लोकांची स्वयंपाकघरे आहेत, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "त्यातला हिस्सा घेऊन मी जेवू कशात?"

जयबल राजाने डोळे मिटून घेतले. "श्रेष्ठी, मीही थकलो आहे," तो म्हणाला. "मीठ दिले तर लोक म्हणतील राजा वाकला. नाही दिले तर तू असे तोंड करून समोर उभा राहतोस. आज्ञा आहे तीच राहील."

घरी येऊन बोधिसत्त्वाने आपल्या कोठीतले मीठ बैलांवर लादायला घेतले. ते राजाचे नव्हते, त्याचे स्वतःचे होते. त्याची बायको उत्पला दारात येऊन उभी राहिली. व्यापार जाईल, असे ती म्हणाली. जाईल, असे तो म्हणाला. तिने गुडघ्यांना लावायला तेलाची कुपी बांधून दिली आणि गुळाचा खडा विसरू नका म्हणाली. धनगरांच्या बायकांकडून त्याने एक घोंगडी आणि एक काठी मागून घेतली.

शिळेपाशी पोचल्यावर त्याच्यापुढे खरी अडचण उभी राहिली. 'हे जास्त झाले, परत न्या' असे शिळेच्या भाषेत कोणी कधी म्हटले नव्हते. लंगड्याला हाक मारावी, तोंडाने सांगावे, असे त्याच्या फार मनात आले. व्यापार तसाही जाणारच होता, पण बोलला असता तर लंगड्याचे डोकेही गेले असते. म्हणून तो गप्प राहिला आणि कामाला लागला.

त्याने लोकांच्या घरांतले प्रत्येक भांडे ढिगातून वेगळे काढले. ओढ्यावर नेऊन वाळूने घासले, पुसले, काठोकाठ मिठाने भरले आणि शिळेच्या अचलकोटकडच्या कडेला मांडून ठेवले. दिव्यांतही मीठ भरले. वाळ्यांच्या चरवीत वाळ्यांवर मीठ ओतले. नेहमीच्या किमतीएवढ्या तांब्याच्या लगडी त्याने मधोमध ठेवल्या, पण उचलल्या नाहीत. म्हणजे 'आणखी घाला'. आणि काय घालायचे ते कळावे म्हणून त्या लगडींवर धनगराची घोंगडी पसरली आणि तिच्यावर काठी ठेवली. शेवटी गुळाचा खडा ठेवून तो वळणाआड गेला आणि त्याने धूर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला तेव्हा भांडी नव्हती. लगडींशेजारी धनगर बसले होते, गोण्या ठेवाव्यात तसे ओळीने, तोंडातून शब्द न काढता. जेवढे जिवंत होते तेवढे होते. एकाच्या मुठीत अक्रोड होते. ते त्याने बोधिसत्त्वाच्या हातात ठेवले.

वळण ओलांडल्यावर ते बोलू लागले. घोंगडी आणि काठी घेऊन लंगडा म्हातारा वज्रबाहूपुढे गेला होता. दक्षिणेकडचे लोक तांबे मागत नाहीत, किंमत म्हणून धनगर मागतात, असे त्याने सांगितले. वज्रबाहूने विचारले, कोणते धनगर? त्यांना कोंडून ठेवावे असेही त्याला वाटत नव्हते आणि सोडावे असेही. तो त्यांना विसरून गेला होता. तांब्यापेक्षा स्वस्त पडतात असे पाहून त्याने लगेच देऊन टाकले. त्याच्या स्वयंपाकघराला तर मीठ कधी कमी पडलेच नव्हते. कंकवतीचे लोक आडवाटेने, चढ्या भावाने, राजवाड्यापुरते पोचवीत होते. खाली गावांत गुरे भिंती चाटत होती आणि माणसे भिजलेली कांबळी चाटत होती.

भांड्यांतल्या मिठाचे काय झाले, असे बोधिसत्त्वाने विचारले. धनगर जरा घुटमळले. वरचे वरचे शिपायांनी काढून घेतले, असे त्यांनी सांगितले. पण काळ्या बुडाची भांडी राजवाड्यात कोणाला हवी होती? ती ज्याच्या त्याच्या घरी परत गेली, आणि तळाशी राहिलेले मीठ त्यांच्याबरोबर गेले.

बोधिसत्त्वाने हातातले अक्रोड कमरेला बांधले. तळाशी राहिलेले तर तळाशी राहिलेले.

धनगर घरी आले म्हणून सुवेलात मोठा उत्सव झाला आणि आज्ञा मोडली म्हणून बोधिसत्त्वाचा व्यापार गेला. दोन्ही एकाच दिवशी झाले. जयबल राजाने त्याच्याकडे पाहायचे टाळले. मिठाचा व्यापार रुचकाच्या भाच्याला मिळाला आणि अचलकोटची दारे होती तशीच बंद राहिली. शिळेवर गुळाचा खडा ठेवत जा, असे बोधिसत्त्वाने त्या भाच्याला जाऊन सांगितले. तो बरे म्हणाला आणि विसरला. तांब्यावर पानात गुंडाळलेले अक्रोड दिसले, तेव्हा कचरा समजून त्याने ते दरीत टाकले. पलीकडे लंगड्या म्हाताऱ्याला गूळ दिसेना. मीठवाला मेला, असे त्याने धरले. कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तो एकटाच रडला. इकडे बोधिसत्त्व जिवंत होता आणि प्रत्येक खेपेच्या दिवशी गुळाचा एक खडा काढून फडताळात ठेवत होता. तो मेला तेव्हा फडताळ मुंग्यांनी भरले होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्ध झाल्यावर त्याच बोधिसत्त्वाने, तिष्यमित्र नावाच्या भिक्खूला सांगितली. दुष्काळात सापडलेल्या एका सीमेपलीकडच्या लोकांसाठी त्याने दारोदार धान्य मागितले होते, आणि ते नाक्यावरच्या शिपायांनी काढून घेतले होते. तो परत येऊन पिंपळाखाली बसला होता आणि उठत नव्हता. करुणेने पोट शिपायांचेच भरते, मी थकलो, असे तो म्हणाला होता.

कथा संपल्यावर शास्त्यांनी कोण कोण होते ते उलगडून सांगितले. जयबल राजा म्हणजे आज विहाराच्या वादात दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारा भिक्खू धर्मघोष. उत्पला म्हणजे गुडघ्यांसाठी तेल आणून देणारी ती म्हातारी उपासिका. मिठाचा व्यापारी मी स्वतः होतो. वज्रबाहू कोण, असे कोणीतरी विचारले. शास्ते म्हणाले की तो अजून कुठेतरी दार लावून बसला आहे, त्याची चौकशी नंतर करू.

"आणि तो लंगडा?" तिष्यमित्राने विचारले.

शास्ते उठून त्याच्याजवळ आले. भिक्खूंना औषध म्हणून गूळ ठेवता येतो. त्यातला एक खडा त्यांनी तिष्यमित्राच्या हातावर ठेवला.

"हे तेव्हा विचारायचे राहिले," ते म्हणाले. "पाय बरा आहे ना?"

तिष्यमित्राला रडू आवरेना. तो थकलेलाच होता, आणि नंतरही पुष्कळ दिवस थकलेला राहिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पात्र घेऊन पुन्हा त्याच सीमेकडे निघाला. वरचे वरचे शिपाई घेतील हे माहीत असूनही तळाशी उरेल तेवढ्यासाठी जी भांडे भरते, तिला मैत्री म्हणतात.