कळशीचा पहिला पोचा

कारखान्यातली भांडी गावात नुकतीच येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. द्वारकाबाईंच्या मोरीत तांब्याचा एक जुना हंडा होता. तांबटाने तो हातोडीने ठोकून घडवला होता, म्हणून त्याच्या अंगभर ठोक्यांच्या खुणा होत्या. एक दिवस त्याच्याशेजारी नवीकोरी कळशी आली. तिच्याही अंगावर तशाच खुणा होत्या. लोकांना आवडतात म्हणून यंत्राने त्या साच्यातच उठवल्या होत्या.

"आजोबा, माझे ठोके बघा, सगळे कसे एकसारखे!"

"छान आहेत गं. माझ्या तांबटाचा हात दुखायला लागला, की ठोका हलका पडायचा. हा बघ, इथे."

कळशीने आपलं अंग निरखलं. हलका ठोका कुठेच नव्हता.

"म्हणजे मला कुणी हातच लावला नाही?" ती रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर द्वारकाबाईंचा पाय घसरला. कळशी पायरीवर आपटली आणि गळ्याजवळ पोचा आला.

"अगं बाई, लागलं का गं तुला?" म्हणत त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

तेव्हापासून कळशी उचलताना द्वारकाबाईंचा अंगठा नेमका त्या पोच्यात बसू लागला.