उचललेली टाच

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा अच्युतरावांच्या टेबलावर फौज नव्हती, मेणाचा एकच शिपाई होता. अच्युतराव हौसेने शिपाई घडवत. आधी एक मेणाचा कोरायचा, मग त्याचा रबरी साचा करून त्यात प्लास्टिकचे ओतायचे.

पण मेणाच्या शिपायाला दम निघेना. "कधी संपणार हे कोरणं? लढाई कधी?" त्याची सारखी चुळबुळ चालायची.

"अरे, टाच टेक!" कोरणी वैतागली. "तळवा सपाट करायचाय मला."

"तळवा कोण बघतंय? मिशी झाली, तलवार झाली. चला!"

मिशीवर अच्युतरावही खूश होते. त्यांनी तसाच साचा घेतला.

चाळीस शिपाई निघाले, एकेकाची मिशी झोकदार. रांगेत उभे केले, तसा पहिला डळमळून दुसऱ्यावर पडला, दुसरा तिसऱ्यावर, आणि सगळी फौज आडवी झाली. शत्रू अजून खोक्यातच होता.

"पडताय काय असे? नीट उभे राहा!" मेणाचा शिपाई ओरडला.

"राहतो की, दादा," चाळीसही जण पडल्या पडल्या म्हणाले. "तुम्ही एकदा दाखवा."

मेणाच्या शिपायाने टेकायला घेतलेली रंगाची बाटली आणखी घट्ट धरली.