सड्यावरची पहिली हाक

"केबल बदलली, पोर्ट बदलला, राउटरसुद्धा नवा आणला. मग बुवा, दोष राहिला तरी कुठे?"

कातळबुवांनी डोळे उघडले नाहीत.

भर दुपारची वेळ. सड्यावर, गावामागच्या उघड्या कातळपठारावर, चिटपाखरू नव्हतं. काळा कातळ चपलेतून चटका बसावा इतका तापला होता, आणि हा म्हातारा त्यावर उघड्या अंगानं मांडी घालून बसलेला. शेजारी कातळात कोरलेला एक उताणा माणूस. तो कुणी कोरला, कधी कोरला, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. त्याला दोन मोठे कान आहेत. तोंड मात्र कोरणाऱ्यानं दिलेलं नाही.

निशिकांत छत्री धरून समोर उभा होता. प्रश्न विचारला की उत्तर यायलाच हवं, अशी त्याला सवय. मोठमोठ्या कंपन्यांची नेटवर्कं उभी करणारा माणूस तो. पुण्यातली नोकरी न सोडता गावी आला, सड्याच्या कडेला चिऱ्याचं घर बांधलं आणि तिथूनच काम करू लागला. मन स्थिर व्हावं म्हणून दुपारी बुवांकडे येऊन बसायचा. बुवा गप्प बसत. हा मात्र गप्प कसं बसावं यावर बोलत राही.

आज त्या बोलण्यातला तोरा थोडा उतरला होता.

"कनेक्शन लागतं नि तुटतं, बुवा. लागतं नि तुटतं. आणि नेमकं बाबांशी बोलायच्या वेळी."

"बापूस खय आसा?"

"नागपूरला. कुंदाताईकडे."

"बोलता?"

"अर्धांगाचा झटका आल्यापासून वाचा गेलीय. दुपारच्या वेळेला कसाबसा एखादा शब्द फुटतो, ताई म्हणते. माझं नाव… ती रोज त्यांना उशांना टेकवून पडद्यासमोर बसवते. ते तोंड उघडतात आणि माझ्याकडे चित्र गोठतं. लाइन गेलेली असते."

तो थांबला. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. मला तो एक शब्द ऐकायचाय. बाकी काही नको."

"मगे तू हय कित्याक?"

निशिकांतनं छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"सध्या काम फार आहे. पुढच्या आठवड्यात जाणारच आहे मी."

हा पुढचा आठवडा उन्हाळा लागल्यापासून पुढेच होता.

कातळावरून गरम हवा लाटेसारखी वर चढत होती.

"आणखी एक आहे…" निशिकांतचा आवाज खाली आला. "हसू नका."

बुवा हसणाऱ्यातले नव्हतेच.

"लाइन तुटली की मागच्या खिडकीतून हाक येते. सड्यावरून. निशी, म्हणून. एकदाच."

"आवाज कोणाचो?"

"…बाबांचा."

आता बुवांनी डोळे उघडले.

"ओ दिलंस?"

"छे! पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. बाबांनीच शिकवलंय मला."

त्या मुलखात हे सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. सड्यावरून नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दुसरीलाही देऊ नये. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते एकदाच, फार तर दोनदा मारतं, आणि ओ देणारा त्या हाकेमागे चालू लागतो. शोधायला गेलेल्यांना मग कातळावर त्याच्या चपला तेवढ्या सापडतात.

निशिकांत हे शहरात चारचौघांत हसून सांगायचा. हसायचा खरा, पण पहिल्या हाकेला ओ त्यानं जन्मात दिली नव्हती. ऑफिसात कुणी मागून नाव घेतलं तरी याची मान वळायची नाही. लोकांना वाटे, साहेबांना शिंगं फुटलीत. शिंगं होतीच, पण त्यांच्याखाली ही जुनी भीतीही होती.

"दुसरी हाक येता?"

"नाही. वाट बघतो मी. कान देऊन बसतो. येत नाही."

बुवा उठले. बुवा उठले हीच त्या सड्यावर मोठी गोष्ट होती.

"चल. तुजी तार बगूया."

दोघे घराकडे निघाले. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. सडा एवढा मोकळा, की शंभर गुरं एकमेकांना न लागता चालतील. पण अर्ध्या वाटेत बुवा एकाएकी बाजूला सरकले. अरुंद पायवाटेवर मागून कुणी वडीलधारं आलं की सरकावं तसे.

"येवा," ते हळूच म्हणाले.

निशिकांतनं मागे वळून पाहिलं. मागे कातळ होता, ऊन होतं. त्यानं पुढे काही विचारलं नाही, आणि छत्री मिटून काखेत मारली, पटकन चालता यावं म्हणून.

राउटर पुढच्या ओटीवर, कोनाड्यात. तिथून निळी केबल भिंतीच्या कडेनं वळणं घेत पार मागच्या खोलीत गेलेली. त्या खोलीत निशिकांतचा कॉम्प्युटर, मोठा पडदा, आणि सड्याकडे उघडणारी खिडकी.

"वायफाय या चिऱ्याच्या भिंतींतून जात नाही," निशिकांत सांगू लागला. घरात शिरताच त्याच्या जिवात जीव आला होता. "म्हणून केबल टाकली. ताई म्हणते, ओटीवर राउटरशेजारी बस नि मोबाइलवर बोल. पण असं कसं? आपलंच घर, आपलाच धंदा, आणि आपल्याच घरातली एक केबल आपल्याला हरवते?"

तर असं होतं. बापाचा शब्द ऐकायचा होता, पण हार न मानता ऐकायचा होता.

बुवा कोनाड्यापुढे वाकले. केबल जिथे राउटरला लागली होती तिथे एक हिरवा दिवा होता. तो विझला. थोड्या वेळानं लागला. पुन्हा विझला.

"ह्यो काय करता?"

"केबल जोडली की दोन्ही टोकं आधी एकमेकांना हाक मारतात, बुवा. मला एवढा वेग जमतो, तुला किती? मग दोघांना झेपेल तो वेग ठरतो आणि बोलणं सुरू होतं."

"तुजा टोक काय सांगता?"

"माझं टोक काही सांगत नाही. मी ते बंद केलंय."

"कित्या?"

"सांगू दिलं की खालचा वेग ठरतो! केबल लांब आहे, कुठेतरी दबली असेल. वेग एकदम दहापटीनं पडतो. मी म्हटलं, तडजोड नाही. कॉम्प्युटरच्या बाजूला सेटिंग करून वरच्याच वेगाला बांधून टाकलंय."

"म्हंजे ह्यो डबो हाक मारता…"

"हो."

"आनि तुजा टोक ओ देना नाय."

निशिकांतची नजर दिव्यावर गेली.

दिवा लागला. विझला.

"बापाशीचा तोंड दिसाक वेग किती लागता?"

"…फारसा नाही."

"आनि एक शब्द आयकाक?"

निशिकांत गप्प. गप्प बसण्यावर इतके दिवस बोलला, ते आज साधलं.

बुवांनी हात पुढे केला आणि केबल उपटली.

केबलचं टोक त्यांच्या मुठीत होतं. राउटरचं ते भोक रिकामं होतं. आणि भोकाशेजारचा हिरवा दिवा लागला. विझला. लागला. दाराशी आलेलं कुणी कडी वाजवतं, थांबतं, पुन्हा वाजवतं, तसा.

निशिकांत एक पाऊल मागे सरला. इतक्या वर्षांत हजारो पोर्ट पाहिलेला माणूस तो.

"असं होत नाही…" तो पुटपुटला.

"काय?"

"दुसऱ्या टोकाला कुणी नसेल तर दिवा लागत नाही, बुवा."

"दुसऱ्या टोकाक कोण नाय, ह्या तुका कोणी सांगल्यान?"

निशिकांत जवळजवळ धावतच मागच्या खोलीत गेला. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा बाबा आठवत होते. वरच्या वेगाची सेटिंग त्यानं काढली. कॉम्प्युटरच्या बाजूला आता पुन्हा विचारायला आणि ऐकायला मोकळीक होती.

"लावा, बुवा!"

ओटीवर केबल बसल्याचा टक् असा आवाज आला.

तो पुन्हा ओटीवर येऊन बघतो तर दिवा हिरवा नव्हता. नारिंगी झाला होता. खालच्या वेगाचा, कमीपणाचा रंग. पण तो लागला तसा लागूनच राहिला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची.

मागच्या खोलीत तेवढ्यात पडद्यावर घंटी वाजू लागली. कुंदाताईची वेळ झाली होती. निशिकांत आत धावला.

"लागला बाई एकदाचा!" पडद्यावर ताईचा घामेजलेला चेहरा आला. "दिसतोयस रे, स्वच्छ दिसतोयस. काय केलंस?"

"काही नाही. हळू केलं."

"आधी नाही का करायचं?" ताई बोलता बोलता बाबांच्या पाठीमागची उशी सारखी करत होती. "रोज जीव तुटतो रे माझा. तुला सांगितलं नाही, उगाच तुला तिकडे घोर नको म्हणून. तुझी लाइन तुटते ना, पडदा काळा होतो, तेव्हा बाबा त्या काळ्या पडद्याकडे बघून हाक मारतात तुला. एकदाच. तेवढ्यानंच दम लागतो त्यांना. मग दिवेलागणीपर्यंत कान देऊन बसतात. जेवण पुढे करावं तर मान फिरवतात…"

निशिकांतनं खुर्चीची पाठ धरली. हाक ज्या वेळी खिडकीतून येई, तीच ही वेळ. इथे तो कान देऊन बसत होता, तिथे ते.

ताई बाजूला झाली.

बाबा किती लहान झाले होते! सड्यावरून त्याला खांद्यावर बसवून आणणारा माणूस उशांमध्ये मावला होता. एका बाजूचा ओठ खाली ओघळलेला. पण डोळे तेच. ते त्याच्यावर येऊन थांबले आणि ओळखीनं भरून आले.

"बाबा…"

बाबांनी श्वास घेतला. छाती मोठ्या कष्टानं वर आली. ओठ उघडले.

चित्र गोठलं नाही.

ओठ हलले. निशिकांतनं ते हलताना पाहिले. स्पीकरमधून मात्र नुसती खरखर आली.

आणि हाक आली पाठीमागून. उघड्या खिडकीतून, सड्यावरून, दुपारच्या त्या मुक्या उन्हातून.

"निशी…"

धडधाकट आवाज होता. लहानपणी बाबा ज्या आवाजात भरल्या ताटावरून हाक मारायचे, तोच.

निशिकांतच्या दातांपर्यंत ओ आली, आणि दात मिटले.

पडद्यावर बाबांची छाती खाली बसली. मान कलती झाली, आणि त्यांनी आपला कान पडद्याकडे केला. वाट बघू लागले.

"ओ दे की रे!" ताई कासावीस झाली होती. "एवढा जीव एकवटून हाक मारली त्यांनी. ऐकू नाही आली का तुला?"

ऐकू आली होती. खिडकीबाहेर कातळ उन्हानं पांढरा पडला होता आणि त्यावर कुणीही उभं नव्हतं. निशिकांतनं दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. बाबांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं, पण कान तसाच पडद्याशी होता.

"बुवा…" तो कुजबुजला. "हाक बाहेरून आली. पहिलीच आहे. दुसरी येऊ दे. तिसरी येऊ दे, मग मी…"

बुवा ओटीवरून येऊन खोलीच्या सड्याकडच्या दाराशी उभे होते. त्यांनी अडसर काढला, दार सताड उघडलं आणि कुणाला आत यायचं असावं, किंवा कुणाला बाहेर जायचं असावं, तसे उंबऱ्यावरून बाजूला सरकले.

"एका हाकेपुरतोच श्वास उरलो आसा जेच्याकडे…" ते सड्याकडे बघत म्हणाले, "तो तिसरी हाक खयसून मारतलो?"