हातभर दोरी

एकदा एक मनुष्य बऱ्याच वर्षांनी आपल्या खाडीकाठच्या गावी परतला. वय चाळिशीच्या घरातले, नोकरी शहरातल्या कचेरीत. त्याचे वडील वर्षापूर्वी वारले होते. ते हयात असताना दरसाल पावसाळा सरला की निरोप धाडायचे, "ये, गळ टाकून जिताडा मासा गरवायला जाऊ." आणि हा कळवायचा, "पुढच्या साली नक्की." अशी तेरा साले गेली. असे निरोप तुम्हीआम्हीही धाडलेले आहेत, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

वडिलांच्या मागे त्याला मिळाली ती एक वस्तू. लाकडी फिरकीवर गुंडाळलेली, वडिलांनी स्वतः मांडीवर वळलेली आणि ऐनाच्या झाडाच्या सालीत रंगवलेली गळाची दोरी. ज्या दोरीवर वडिलांची बोटे रोज फिरली तिने एक तरी जिताडा धरावा, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून तो वडिलांच्या जुन्या जोडीदाराकडे शिष्य होऊन गेला. हा जोडीदार म्हणजे ऐंशी गाठलेला, वाकलेला, पण जिभेने अजून ताठ असलेला वृद्ध. सारे गाव त्यांना नाना म्हणे.

शिष्याने सोबत शहरातून एक पेटीही आणली होती. तीत चकचकीत रीळ, निळी-तांबडी प्लास्टिकची मासळी, नाना तऱ्हेचे गळ. नानांनी एक तांबडा मासा उचलून उन्हात धरला.

"हा जिताड्याला खायला घालायचा, का त्याच्या बारशाला आहेर करायचा?"

शिष्य ओशाळला. नाना हसले आणि मग मात्र मनापासून शिकवू लागले. सामान दुकानाकडे पाहून घ्यायचे नसते, पाण्याकडे पाहून घ्यायचे असते. ओढ किती आहे ते आधी पाहावे. शिसे इतकेच बांधावे की कोळंबी खाली जाईल, पण तिला पोहता येईल. कोळंबी जिवंत हवी आणि गळ तिच्या शेपटीजवळून ओवावा, म्हणजे ती फडफडत राहते. मेलेल्या आमिषाकडे जिताडा ढुंकून पाहत नाही. आठ दिवस शिष्य हेच शिकत होता. वडिलांनी हे सारे सांगायला किती वेळा बोलावले होते, हे त्याला राहून राहून आठवे.

नवव्या दिवशी सकाळी दोघे उघाडीवर गेले. खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाला पाणी आतबाहेर करण्यासाठी जी झडप असते, तिला तिकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की तिथून लहान मासळी बाहेर पडते आणि जिताडा तोंडाशी टपून बसतो. शिष्याने वडिलांची दोरी काढली. नानांनी तिचे गळाकडचे टोक हातात घेतले आणि एक विचित्र गोष्ट केली. शेवटची हातभर दोरी त्यांनी ओठांत धरून सावकाश ओढली, डोळे मिटून. मग कमरेची सुरी काढली आणि तेवढा तुकडा कापायला घेतला.

शिष्याने त्यांचे मनगट धरले. "नाना, हे काय करता? बाबांची दोरी आहे ही!"

"ठाऊक आहे मला कोणाची ते."

"मग? चांगली धडधाकट आहे. माझ्याकडे त्यांचं दुसरं काही नाही. एक बोटभरसुद्धा कापू देणार नाही मी."

नानांनी सुरी वळवली, स्वतःच्या दोरीचे टोक तसेच ओठांतून ओढले आणि तिचा हातभर तुकडा कापून बांधावर टाकला. शिष्याला वाटले, म्हातारपणी माणसाला अशी काहीतरी खोड लागते. त्याने फिरकीतच खोचलेला, वडिलांनी कानशीने घासलेला गळ वडिलांच्या अखंड दोरीला बांधला आणि पाण्यात सोडला.

तासाभरात दोरीला असा हिसका बसला की शिष्य गुडघ्यावर आला. पाणी फुटले आणि चांगला वीतभर रुंद पाठीचा जिताडा अंग आपटत वर आला. "ढील दे, ढील दे! आता घे!" नाना ओरडत होते. शिष्याच्या तळव्यांतून दोरी सरकत होती आणि तो रडत होता की हसत होता, हे त्याचे त्यालाही कळत नव्हते. मासा अगदी काठाशी आला, त्याने एकदा मान झटकली आणि दोरी हलकी झाली. वडिलांचा गळ घेऊन मासा गेला.

शिष्य दोरी ओढून घेत खालीच बसला. शेवटच्या वीतभरात ती तुटली होती. "बाबांचा गळ गेला," तो म्हणाला, "आणि मासाही गेला."

नाना त्याच्या शेजारी टेकले.

"जिताड्याच्या कल्ल्याला धार असते, पोरा. झुंजताना शेवटची हातभर दोरी तिथं घासते. वरून दिसत नाही. आमच्या बोटांना घट्टे पडलेले, त्यांनाही कळत नाही, म्हणून ओठाला लावायची. एक जिताडा धरला की हातभर दोरी कापायची, असा आमचा शिरस्ता. शेवटचा मासा काढला आणि तुझ्या बापसानं अंथरूण धरलं. तेवढं कापायचं राहून गेलं होतं."

मग त्यांनी फिरकी उलगडली आणि दोन्ही हात पसरून, एका पसराला एक वाव धरत, दोरी मोजली.

"सव्वीस वाव. तू शहरात गेलास त्या साली वळली तेव्हा चाळीस होती. मीच बसलो होतो समोर. बाकीची कुठे गेली? त्यानं कापली. कमी झालेला एकेक हात म्हणजे एकेक जिताडा. दर खेपेला कापताना म्हणायचा, ह्या वेळी पोरगा असता तर बरं झालं असतं. तू जी जपून ठेवतोस ना, ती त्यानं कापत कापतच टिकवली."

शिष्याने उलगडलेल्या दोरीवरून बोटे फिरवली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "पण अशानं ही संपेल, नाना."

"संपेल की. त्यासाठीच वळली होती."

शिष्याने तुटलेले टोक ओठांत धरले. खारट लागले, ऐनाची तुरट चव लागली आणि मग एके ठिकाणी बारीकशी खरखर. त्याचे डोळे भरून आले. त्याने सुरी मागून घेतली आणि खरखरीच्या वर, स्वतःच्या हाताने, दोरी कापली. तुकडा खिशात घातलेला नानांनी पाहिला.

"पहिला आहे म्हणून ठेव," ते म्हणाले. "पुढचे ठेवत बसू नकोस."

आपल्या कपाटांत, आपल्या मनांत, असे पुष्कळ काही अखंड जपून ठेवलेले असते. ते एकदा ओठाला लावून पाहायला हरकत नाही.

शिष्य त्यानंतर दर पावसाळा सरला की गावी येत राहिला. पुढे नाना गेले. दोरी हाताहाताने आखूड होत गेली आणि एका सकाळी उघाडीच्या बांधावरून ती पाण्यापर्यंत पोहोचेना. त्याला वाईट वाटेल असे वाटले होते, पण तसे झाले नाही. घरी येऊन तो ओसरीवर बसला, सूत मांडीवर घेतले आणि नवी दोरी वळू लागला. चार दिवसांनी त्याने हात पसरून मोजली. चाळीस वाव भरली. उरलेल्या आयुष्यात आपल्याला एवढी लागणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.