केरबाचे छत्तीस फोटो

मांडवखेड गावात केरबा नावाचा एक भोळा घोंगडीवाला राहायचा. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. घोंगड्या विकत तो गावोगाव हिंडायचा. हौसेने एक रोलचा कॅमेरा घेतला होता, त्यात रस्त्यावरच्या पोराबाळांचे फोटो काढायचा. घरी परतला की घोंगड्या बाजूला टाकून आधी अप्पा टिपणीसांकडे पळायचा.

अप्पा तालुक्याच्या फोटो मंडळाचे अध्यक्ष. स्वतः कधी प्रवासाला गेले नाहीत. गॅलरीतल्या जास्वंदीचे फोटो काढायचे. पण दुसऱ्याच्या फोटोतली खोड काढायला बसले, की चहावर साय धरायची. अप्पांनी एकदा तरी 'बरा आहे' म्हणावं, एवढंच केरबाला हवं होतं.

पहिल्या फेरीत केरबाने उभ्याउभ्या एका पोराचा फोटो काढला. अप्पा म्हणाले, नुसता भांग दिसतोय, मुलांचे फोटो खाली बसून काढायचे.

"चुकलं साहेब. आता तसंच करतो."

पुढच्या गावात पोरगं कडब्याच्या गंजीवर चढलेलं. केरबा खाली बसला. फोटोत दोन तळपाय आले आणि बाकी आभाळ. अप्पांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, चेहरा पाहिजे, चेहरा. जवळ जा. चेहऱ्याशिवाय काही नको, आलंच तर कात्रीने काप.

"चुकलं साहेब. आता तसंच करतो."

त्यापुढच्या गावात एक मुलगी शेळीचं करडू छातीशी धरून उभी होती. केरबा जवळ गेला, आणखी जवळ गेला. करडाने कॅमेरा चाटला. फोटोभर करडूच. ते नको, म्हणून केरबाने कापलं आणि अप्पांच्या हातात मुलीचा एक कान ठेवला.

अप्पांनी कान उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, असं अंगावर गेल्यावर पोरं बावरणारच. त्यांना कळता कामा नये. आडोशाला राहून काढ.

"चुकलं साहेब. आता तसंच करतो."

मग केरबा एका शाळेच्या कुंपणाआड घोंगडी पांघरून बसला. लोकांना वाटलं, पोरं पळवणारा आला. त्यांनी त्याला त्याच्याच घोंगडीत गुंडाळून चावडीत नेला. सरपंच जेवून येईपर्यंत तो तसाच. फोटो एकही नाही, डोक्याला टेंगूळ तेवढं आलं.

अप्पा चिडले. "अरे, आधी विचारायचं. आणि मोठ्यांना नाही, खुद्द मुलाला. नको म्हणालं, तर त्याचा फोटो नाही."

केरबाने हेही डोक्यात ठेवलं. टेंगळाशेजारी.

संक्रांत आली. अप्पांचा मुलगा सुधन्वा बोटीवर नोकरीला. त्याची मुलगी रेवा पाच वर्षांची झालेली, आणि पाचव्या वर्षानंतर बोरन्हाण करत नाहीत. म्हणजे हे शेवटचंच, आणि आधीची सगळी त्याची हुकली होती. त्याने पत्रात लिहिलं, काही करा, पण मला तिचे फोटो पाठवा. अप्पांना तर हलणारं काही टिपता यायचं नाही. त्यांनी केरबाला बोलावलं. रोल धुऊन आला की फोटो सरळ बोटीच्या पत्त्यावर टाक, म्हणाले, बोट बंदरात फार थांबत नाही.

रेवाला काळा फ्रॉक घातला. हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार. केरबाने कोपऱ्यात नेऊन तिला विचारलं, "तुझा फोटो काढू?"

"नको," रेवा म्हणाली. "आजोबांचा काढ."

तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, बत्तासे ओतले. पोरं तुटून पडली. डॉक्टरांनी अप्पांचं गोड बंद केलं होतं, तेही पोरांबरोबर जमिनीवर रांगत होते. पडद्याआड खाली बसलेला केरबा त्यांना दिसला. मनात म्हणाले, शिकला गडी.

दोन महिन्यांनी सुधन्वाचं पत्र आलं. केरबाही ऐकायला येऊन बसला. अप्पांच्या बायकोने, माईंनी, मोठ्याने वाचलं.

"छत्तीस फोटो मिळाले. छत्तीसही बाबांचे आहेत. एकात त्यांच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट आहे, बाकीच्यांत तोंडात बत्तासे. माझी रेवा कुठेच नाही. फक्त एका फोटोत तिचा हात आहे, बाबांना बोर भरवताना. तेवढा मी उशाशी ठेवलाय."

माईंनी पत्र खाली ठेवलं आणि आधी अप्पांकडे पाहिलं, बत्ताशांसाठी. मग केरबाकडे.

अप्पांनी आपलाच एकेक नियम बोटांवर मोजला. खाली बसून काढले होते. चेहरा जवळून होता. आडोशाने काढले होते. मुलालाच विचारलं होतं. खोड काढायला जागाच नव्हती.

"अरे केरबा," ते कसेबसे म्हणाले, "ती पूर्ण वेळ माझ्या गळ्यात पडलेली होती. छत्तीस फोटोंत एकदाही कशी आली नाही?"

"आली होती की साहेब. सगळ्यांत आली होती. हसत होती," केरबा म्हणाला. "पण नको म्हणाली होती ना, म्हणून रात्रभर बसून कात्रीने कापली. तो एक हात राहून गेला. चुकलं साहेब."