वैजूचा एकर

“आज किती भरला ओलावा?” अक्कांनी विचारलं.

“अठरा टक्के,” जनार्दन म्हणाला. “अजून आठ दिवस तरी थांबायला हवं.”

रेणुकाअक्का बांधावर टेकल्या. जनार्दनच्या बायकोनं निरोप धाडला म्हणून त्या टेकडीवरच्या मठातून काठी टेकत उतरून आल्या होत्या. मका पेरायचा कसा, राखायचा कसा, हे जनार्दन त्यांच्याच हाताखाली शिकला होता. पुढे तो अक्कांच्याही वर गेला असं लोक म्हणत, आणि त्यालाही ते पटे. पाच गावांत त्याला विचारल्याशिवाय कुणी मक्याला हात लावत नसे. तो चार दाणे ओलावा मोजायच्या मीटरमध्ये टाकी, आकडा वहीत लिही आणि सांगे, मोडा, नाहीतर थांबा. त्याचा आकडा कधी चुकला नव्हता.

कार्तिक सरत आला होता. शेजारच्या रानांत हरभरा वीतभर झाला होता. मका उभा होता तो या एकाच एकरात.

“मागच्या सोमवारी किती होता?”

“अठराच.”

“त्याच्या आधी?”

“... हवा दमट आहे, अक्का.”

आभाळ निळंशार होतं. वाऱ्यावर पानं कागदासारखी वाजत होती. निम्मी ताटं आडवी झाली होती, आणि पोपटांनी कणसांची वरची टोकं खाऊन टाकली होती.

“वही दे.”

त्यानं वही दिली नाही.

“बरं, कणीस दे.”

त्यानं दिलं. अक्कांनी एक दाणा उपटला, त्याचं बूड नखानं खरवडलं आणि त्याच्यासमोर धरला. बुडाशी काळा ठिपका होता.

“हा काय सांगतो?”

हे तर तो स्वतः लोकांना शिकवायचा. “ताटाकडून जे मिळायचं, ते दाण्याला मिळून झालं.”

“त्यानंतर ताटावर ठेवला तर?”

“भर काही पडत नाही. नुसता वाळतो.”

“कधी आला हा ठिपका?”

“दसऱ्याच्या आधी,” तो बोलून गेला.

अक्कांनी तोच दाणा दाढेखाली धरला. कट्‌कन आवाज झाला. अठरा टक्क्यांचा दाणा असा वाजत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जनार्दन खाली बसला.

“अकरा आहे, अक्का. पंधरा दिवस झाले... मी खोटं लिहितोय.”

त्यानं कणीस अक्कांच्या हातातून परत घेतलं.

“वैजूनं पेरला हा. म्हणाली, बाबा, यंदा हा एकर माझा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मी बोललो नाही. श्रावणात तिला ताप भरला... चौथ्या दिवशी गेली. एकोणीस वर्षांची पोर. तेव्हा हा माझ्या गुडघ्याएवढा होता.”

वारा पानांतून फिरत राहिला.

“हा मोडला की तिच्या हातचं काही उभं राहणार नाही. मी कसा मोडू?”

अक्कांनी पदर खोचला आणि काठी बांधावर ठेवून त्या पहिल्या ओळीत शिरल्या. एक कणीस पिरगळून मोडलं. मग दुसरं. एकेका कणसाला वेळ लागत होता.

जनार्दन उठला आणि शेजारच्या ओळीला लागला.

त्याच्या हातांना सवय होती, ते चालत राहिले. समोरचं मात्र त्याला नीट दिसत नव्हतं.

ओळीच्या मध्यावर तो अडला. ताटावर एक बारकं कणीस होतं. सोलून पाहिलं, तर आत तीन-चार दाणे, बाकी सगळं रिकामं. असली कणसं तो लोकांना ताटावरच सोडून द्यायला सांगे.

“अक्का,” त्यानं कणीस पुढे धरलं. “हे... हे भरलंच नाही.”

अक्कांनी वळून पाहिलं.

“मग ते हळू मोड.”