डिकीतलं मंगळसूत्र

मुहूर्त तोंडावर आला आणि मंगळसूत्रच गाडीच्या डिकीत अडकून बसलं, तर तुम्ही काय कराल?

केतकीच्या लग्नात अगदी असंच झालं. तिचे होणारे सासरे धैर्यशीलराव यांच्या नव्याकोऱ्या गाडीत वऱ्हाडाने सकाळभर गाणी वाजवली. बॅटरी संपली आणि बटणावर उघडणारी डिकी काही उघडेना. मुलीकडचं कोणी पुढे झालं की धैर्यशीलराव म्हणत, "परक्या माणसाने माझ्या गाडीला हात लावायचा नाही. कंपनीचा माणूस निघालाय, तोवर थांबा."

भटजी सारखे घड्याळ पाहू लागले. शेवटी केतकीच शालू सावरत मांडवाबाहेर आली.

"मामंजी, मागची सीट पाडली की आतून डिकीत शिरता येतं. मी शिरू का?"

"तू अजून परकीच आहेस, पोरी."

"खरंय. मंगळसूत्र गळ्यात पडेपर्यंत मी परकीच, आणि मंगळसूत्र तर डिकीत आहे. मग आता तुम्हीच शिरा."

धैर्यशीलरावांनी एकदा सीटमागची जागा पाहिली, एकदा स्वतःचं पोट पाहिलं आणि मुकाट्याने बाजूला झाले. केतकी गुडघ्यांवर आत गेली आणि डबी घेऊनच बाहेर आली. अक्षता वेळेवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत नवी बॅटरी बसली, आणि धैर्यशीलरावांनी गाडीची किल्ली सुनेच्या हातात दिली.